नळ तिचा, पेला माझा

हिवरखडी, शिरूर कासारजवळ
२० जुलै १९८६

तीर्थस्वरूप आश्रुबा तात्यांना
दानम्माचा सादर नमस्कार.

"बाई, आमच्या गावात भांडण न्हाई, कारण आमच्या गावात निवडणूक न्हाई."

मी या गावात बदलून आले त्या दिवशी फाट्यावर माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेत तुम्ही हे म्हणाला होता. आठवतं का? नवऱ्याच्या माघारी एकटी नोकरीच्या गावी आलेली बाई मी. भांडण नसलेलं गाव मिळालं, याहून जास्त मला तेव्हा काय हवं होतं? दूध सोसायटीची मुदत संपली की सगळे मारुतीच्या पारावर बसतात, जेवढ्या जागा तेवढीच नावं काढतात आणि चेअरमन म्हणून तुमचं नाव घेऊन उठतात, हे मला पुढे कळलं.

ते वाक्य आज आठवायचं कारण म्हणजे तुमचा नातू, बद्रीनाथ.

नागरिकशास्त्र शिकवताना दरवर्षी मी 'मतदान' हा शब्द फळ्यावर लिहिते आणि पोरं तो वहीत उतरवतात. यंदा ठरवलं, लिहून पुरे झालं, आता करून बघू. शाळेचा मुख्यमंत्री पोरांनी मत टाकून निवडायचा आणि त्याला खरं काम द्यायचं. यंदा शाळेत खरं काम एकच आहे, पाण्याचं. मृग कोरडा गेला, आर्द्राही गेली. हातपंप नुसता वारा ओकतो. टँकर दिवसाआड येऊन व्हरांड्यातलं नळाचं पिंप भरून जातो. त्यातलं पाणी कुणी आधी प्यायचं, कुणी किती प्यायचं, हे मुख्यमंत्र्यानं बघायचं.

शनिवारी हे सांगितलं आणि सोमवारी मतदान ठेवलं. सोमवारी शाळेत येते तर काय, बद्रीनाथच्या कपाळाला गुलाल, हातात नारळ, आणि मागे सगळी शाळा!

"बाई, मतदानाची गरज न्हाई," पोरं म्हणाली. "आमी काल पारावर बसून मिटवलं. बद्रीनाथ बिनविरोध."

"दुसऱ्या कुणाला उभं राहायचं नव्हतं?"

सगळ्यांच्या माना एकदम केशरकडे वळल्या. केशर म्हणजे वस्तीवरच्या सुंदरबाईची मुलगी, सहावीतली. ती म्हणाली, "मला ऱ्हायचं व्हतं. पर समद्यांनी समजूत काढली. पुढल्या सालाला तुला देतो म्हणले."

"आणि हा नारळ?"

"त्यो केशरनंच फोडायचा," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाला. "जो मागं सरतो त्याचा मान असतो बाई. रीतच हाय तशी."

रागवायला तोंड उघडलं आणि हसू फुटलं. त्यांनी काही चोरी केली नव्हती. तुमचं सगळ्यांचं बघून, बारकाव्यासकट, मन लावून शिकली होती. मी कधी काही इतकं नीट शिकवल्याचं मला आठवत नाही. नारळ फोडला, खोबरं वाटलं. मग सांगितलं, निवडणूक होणार, आणि दोघंही उभी राहणार.

पाय कसा आहे? या वयात चाऱ्याच्या गाडीवर स्वतः चढायचं नव्हतं, हे आता सांगून काय उपयोग. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलंय तसं मुलाकडे परळीतच राहा, घाई करू नका. माझ्या माहेरात तुम्ही आणि तुमच्या गावात मी, अशी ही अदलाबदल झाली आहे. माझा भाऊ मन्मथ येतो ना भेटायला?

आपली
दानम्मा

.

परळी वैजनाथ
३ ऑगस्ट १९८६

दानम्माबाईस आश्रुबाचा आशीर्वाद.

बाई, पत्र वाचून मी इतका हसलो की सून सैपाकातून पळत आली. म्हणली, मामा, काय झालं? म्हणलं, तुजा पुतण्या बिनविरोध झाला! शाब्बास म्हणा पोरांना. नारळ फोडायचा मान मागं सरलेल्याला, हेबी त्यांनी ध्यानात ठिवलं.

मग पुढचं वाचलं. तुमी ते मोडलं. कावून बाई? मिटलेलं कशाला उकरायचं?

तुमी शिकलेल्या हाव. मी निजामाच्या शाळेत चौथीपातुर उर्दूत शिकलो. आमच्या मास्तरानं आमाला हुकूम म्हंजे काय ते शिकवलं, मत म्हंजे काय ते न्हाई. बावन साली पैल्यांदा मत टाकलं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या राज्याला आश्रुबाची काय पडली? पर विचारलं त्यांनी. त्या दिवशी नवं धोतर नेसून गेलतो. तवा मी मताला नाव ठिवतो असं समजू नका.

पर गावातलं येगळं असतं. सदुसष्ट साली आमच्या कर्जाच्या सोसायटीला निवडणूक लागली. मी एका बाजूनं, माझा चुलतभाऊ धोंडीराम दुसऱ्या बाजूनं. मी निवडून आलो. गुलाल उधळला. त्या गुलालानं गाव मधून चिरलं बाई. बायकांनी एकमेकींच्या घरचं विरजण न्यायचं सोडलं. मग बहात्तर साल आलं. तुमी शाळेला जाताना वाटेत ती अर्धी विहीर लागती ना, पोरं जिच्यात खडे टाकतात, ती आमी तवा खणायला घेतली होती. निम्मी खणली आन वाद लागला, पाणी लागलं तर पयलं कुणाचं? त्यांची माणसं उठून गेली, मग आमचीबी गेली. माझी म्हातारी आई त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या झऱ्यावर वाटी घेऊन रांगेत बसायची. आन आमच्या गावात खणलेली विहीर तशीच कोरडी.

दूध सोसायटी काढली तवा मी धोंडीरामाच्या दारात गेलो. म्हणलं, आता निवडणूक न्हाई. तू म्हणशील ती नावं, मी म्हणीन ती नावं, बसून ठरवू. तवापासून गाव एक हाय. यंदा चारा आला त्यो दोन्हीकडं सारखा वाटला, बघितलं ना तुमी?

पोरांना हे सांगा. मग काय करायचं ते करा.

इथं थर्मलच्या वीजघराची राख धुतलेल्या कपड्यावर बसती. धोतर धुतलं की काळं हुतं. मन्मथ रोज येतो. त्यो नमस्काराला शरणार्थी म्हणतो, मी राम राम म्हणतो, मग दोगंबी चहा पितो.

आश्रुबा

.

हिवरखडी
२८ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप तात्यांना सादर नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी घरी जाताना मी त्या विहिरीपाशी थांबले. इतकी वर्षं तिच्या कडेनं जाते-येते. कुणी तरी मध्येच सोडून दिलेलं काम, एवढंच तिला समजत होते. तुम्ही गावासाठी काय सांभाळलंत ते त्या कोरड्या खड्ड्यात वाकून बघताना कळलं.

पोरांना मी तुमची गोष्ट सांगितली, सगळी. मतदानही पुढे ढकलून पाहिलं. पण मग वाटलं, हरायचं कसं हे कधी शिकलीच नाहीत, तर ही पोरं भांडण किती दिवस टाळतील? म्हणून शेवटी मतदान घेतलं.

दोघांची भाषणं झाली. बद्रीनाथ म्हणाला, "पहिलीपासून सातवीपर्यंत ओळीनं पाणी. कुणाची वशिलेबाजी न्हाई." केशर म्हणाली, "वस्तीवरची पोरं उन्हात चालत येत्यात. घसा आधी त्यांचा सुकतो, तर पाणीबी आधी त्यांना." दोघांचंही खरं होतं. मला मत असतं तर कुणाला दिलं असतं, मला अजून सांगता येत नाही.

पहिलीच्या पोरांना वाचता येत नाही, म्हणून मी एक युक्ती केली. बद्रीनाथला चिंचोका आणि केशरला खडा. वर्गाच्या कोपऱ्यात साडीचा पडदा बांधला आणि त्यामागे तुमच्या सोसायटीची दुधाची किटली ठेवली. पंडित सेक्रेटरीनं घासून दिली होती. एकेकानं आत जायचं आणि आपलं मत किटलीत टाकायचं. पहिली पोरगी आत गेली. टण्ण! बाहेर सगळी शाळा ओरडली, "केशर!" दुसरा गेला. टप्. "बद्री!" मी डोक्याला हात लावला. गुप्त मतदान गुप्त मतदान म्हणून आठवडाभर घसा कोरडा केला आणि मतपेटी आणली ती बोलणारी. तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, ही चुगलखोर हाय." मग सगळं ओतून काढलं, तळाशी दुहेरी गोणपाट घातलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर किटली गप्प झाली आणि पोरंही.

केशर दोनच मतांनी निवडून आली.

बद्रीनाथ लिंबामागे जाऊन रडला. मी गेले नाही, त्याला रडू दिलं. पण पुढे जे झालं त्यानं मी हादरले. दुसऱ्या दिवशी वस्तीची पोरं "आता आमचं राज्य" म्हणत पिंपाशी आली आणि पेल्यावर पेले प्यायली. सातवीची पाळी येईपर्यंत नळ गुरगुरायला लागला. बद्रीनाथच्या बाजूच्यांनी रांग मोडली, पेला ओढला, झोंबाझोंबी झाली. आणि पाणी सांडलं, तात्या. या दिवसांत. ओल्या फरशीकडे सगळी शाळा उभी राहून बघत होती. मला तुमची विहीरच दिसली.

मी ठरवलं, झालं ते पुरे, पेला आपल्या हातात घ्यायचा. सकाळी त्याच विचारानं आले. पिंपाशी केशर बसली होती, हात नळावर. तिच्या शेजारी बद्रीनाथ, हातात पेला.

"हे कुणी सांगितलं?"

केशर म्हणाली, "कुणी न्हाई. मी सांजच्याला त्याच्या घरी गेलते. म्हणलं, नळ माझ्याकडं हाय, पेला तू धर. मी वस्तीला जास्ती देते असं वाटलं, की पेला मागं घे."

"आन मी उगीच अडवणूक केली तर ती नळ सोडणार न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "नळ तिचा, पेला माझा. एकट्याला पाणीच पिता येत न्हाई, बाई."

आता पहिली फेरी वस्तीची असते, पण एकेकच पेला. मग पहिलीपासून ओळीनं. रोज थोडं पाणी उरतं, ते लिंबाला घालतात. मी बाजूला बसून बघते. मतदानाच्या धड्यात हे कुठेच नाही, तात्या. मी हे शिकवलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी सुंदरबाई केशरची भाकरी द्यायला आली होती. मोजणी संपेपर्यंत व्हरांड्यात बसून होती. जाताना म्हणाली, "लई ग्वाड दिसलं बाई." मी तिला चहा दिला.

आपली
दानम्मा

.

परळी वैजनाथ
१५ सप्टेंबर १९८६

दानम्माबाईस आशीर्वाद.

पेल्याची गोष्ट मी हितं समद्यांना सांगितली. कॉलनीतल्या साहेबांना सांगितली, पाय बघायला येणाऱ्या कंपाउंडरला सांगितली, मन्मथच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगितली. मन्मथ म्हणला, "तात्या, ही तुमी कालबी सांगितली." म्हणलं, आजबी ऐक, तुजा गूळ तोल.

बाई, आमच्या घरात आजपातुर कुणी हरलंच न्हाई. त्याच्यामुळं हरल्यावर हात कुटं ठिवायचे, हे कुणाला ठावं न्हाई. त्या लेकराला ते घावलं. केशरचं तर काय बोलावं. जिंकून दुसऱ्याच्या दारात जाणं मला जमाया आठ साल लागली, तिला एक सांज लागली. दोगांना माझ्याकडून पेढा द्या.

पर एक इचारतो. सुंदरबाई दिसभर कावून बसली? भाकरी द्यायला का दिस लागतो? तुमी लई शहाण्या हाव, पर कवा कवा समोरचं तुमाला दिसत न्हाई.

ऑक्टोबरात आपल्या दूध सोसायटीची मुदत संपती. सात जागा, सात नावं मी पंडितला लिहून कळवली. वस्तीवर तुमचा शब्द मानत्यात. तेवढा निरोप पोचवा की कुणी जादा अर्ज भरू नका. साल वंगाळ हाय. पाणी न्हाई, वैरण न्हाई. अशा सालात गावाला चीर पडली तर बुजत न्हाई. मी आजवर तुमाला काय मागितलं न्हाई, हे एक मागतो.

आश्रुबा

.

हिवरखडी
५ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप तात्यांना सादर नमस्कार.

उत्तराला उशीर झाला.

तुमचा निरोप मी वस्तीवर पोचवला नाही. पोचवायला गेले होते. सकाळी, दूध घालायच्या वेळी. सुंदरबाई डोक्यावर किटली घेऊन निघालीच होती. मला बघून थांबली. म्हणाली, "तात्यांचा निरोप घेऊन आलाव ना बाई? मग सांगा की."

मी म्हटलं, तू चल, मी तुझ्याबरोबर येते. तिच्यामागून दूध केंद्रापर्यंत चालत गेले. तात्या, तुम्ही ते अंतर कधी किटली घेऊन चाललात का? टोचून विचारत नाही, मीही कधी चालले नव्हते. केंद्रावर माप आधी गावाचं होतं, वस्तीचं शेवटी. रीत तशीच आहे, कुणी मुद्दाम लावलेली नाही. तिची पाळी येईपर्यंत ऊन वर आलं होतं. झाकण उघडलं तर दुधाला वास. पंडित हळहळला, पण घेणार कसा? तिनं ते कुत्र्याला घातलं, किटली विसळली आणि मला म्हणाली, "माजी केशर म्हणती, घसा ज्याचा आधी सुकतो त्याचं पाणी आधी. मग दूध ज्याचं आधी नासतं त्याचं माप आधी नको का? एवढंच मला सोसायटीत बसून म्हणायचंय. तात्यांशी माजं काय वैर न्हाई. त्यांनी चारा दिला म्हणून तर गाय जगली."

तिनं परवा अर्ज भरला. सोसायटीची सभासद ती स्वतःच्या नावानं आहेच. सात जागा, आठ अर्ज. माघारीचा शेवटचा दिवस वीस तारीख, आणि नाहीच मिटलं तर सव्वीसला शाळेत मतदान.

गावात तोंडं सुटली आहेत. काल चार जण शाळेत आले होते. बसले, पाणी प्यायले (पेला बद्रीनाथनंच दिला, एकेकच) आणि म्हणाले, "बाई, पोरांना शिकवा, बायांना शिकवू नका." धोंडीराम काका पारावर म्हणाले, "आश्रुबाचा पाय मोडला आन बाईंनी गावाचा मोडला." आधी सगळे हसले, मग कुणीच हसलं नाही.

मागे माझी बदली आली होती, तेव्हा तुम्ही बीडला खेपा घालून ती थांबवलीत. आता तुम्ही नुसता एक शब्द टाकलात तरी मी दिवाळीनंतर इथे नसेन. टाकलात तर तुमच्यावर राग धरणार नाही. पण अर्ज भरू नको, हे त्या बाईला सांगायला माझी जीभ वळली नाही. तुम्ही एकच गोष्ट मागितली आणि ती मला देता आली नाही, याचं फार वाईट वाटतं.

आपली
दानम्मा

.

परळी वैजनाथ
१३ ऑक्टोबर १९८६

दानम्माबाईस आशीर्वाद. काल दसरा झाला, पत्रातून सोनं घ्या.

तुमचं पत्र दोन राती उठून उठून वाचलं. सून म्हणली, मामा, दुखतंय का? म्हणलं, पाय न्हाई.

बदलीचं तुमी कावून लिवलं? आश्रुबाला तुमी एवढाच वळखला का? तुमची ट्रंक मी खांद्यावर आणली ती परत फाट्यावर न्यायला न्हाई.

दुधाचं सुंदरबाई म्हणती ते खरं हाय. मी चेअरमन, मापाच्या टायमाला मी रोज खुर्चीवर असायचो. वस्तीची किटली शेवटी यायची हे मी बघितलं. शेवटी का येती, हे इचारलं न्हाई.

तर मी एक ठरवलं. मी अर्ज मागं घेतो. सही करून कागद लेकाकडं दिला हाय, त्यो वीस तारखेला येऊन हापिसात देईल. सात जागा, सात अर्ज. सुंदरबाई बिनविरोध सोसायटीत बसती. पयला नारळ माज्या नावानं बद्रीच्या हातून फोडा, मागं सरलेल्याचा मान म्हणून. तिचंबी काम झालं, गावालाबी चीर पडली न्हाई, आन आश्रुबानं गावात निवडणूक हू दिली न्हाई एवढं नाव ऱ्हायलं. आता ह्या पायानं खुर्ची तरी कशाला?

पोरांना सांगा, खुर्ची अशीबी सोडता येती.

आश्रुबा

.

हिवरखडी
१६ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप तात्यांना सादर नमस्कार.

तुमचं पत्र मी शाळेत वाचून दाखवलं. मग पंडितनं ते पारावर वाचलं. धोंडीराम काकांनी दोनदा वाचायला लावलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "सदुसष्ट सालात हा असा मागं सरला असता, तर मीबी सरलो असतो." कालपासून सगळं गाव तुमचं नाव घेतंय. मीही घेते. माणसं खुर्चीसाठी काय काय करतात ते आपण बघतो. एका बाईच्या नासलेल्या दुधासाठी आपली जागा सोडून देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे मी मनापासून लिहिते आहे. पुढे जे लिहीन ते वाचतानाही हे खरं धरा.

पत्र वाचून झाल्यावर वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नारळ कधी म्हणून विचारलं. मधल्या सुट्टीत बद्रीनाथ पेला घेऊन पिंपाशी बसला, तेव्हा म्हणाला, "बाई, आजोबा हरायला भ्याले का?"

मी म्हटलं, नाही रे, ते फार मोठं मन आहे.

"मग मलाबी तसंच करायला पायजे व्हतं का? केशर उभी ऱ्हायली तवाच मी मागं सरलो असतो, तर माजंबी मोठं मन झालं असतं?"

केशर नळाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मग पेला कुणी धरला असता?"

एवढंच बोलली आणि पुढच्या पोराला पाणी सोडलं.

संध्याकाळी सुंदरबाई आली. मला वाटलं आनंदात असेल. ती म्हणाली, "बाई, तात्यांनी दिलेल्या जागेवर मी बसले, तर वस्तीच्या मापाचं बोलायला उठले की समदे म्हणतील, तात्यांनी दया केली म्हणून आलीस. मला लोकांनी न्हाई म्हणलं तरी चालंल. पर त्यांनी म्हणावं. तात्यांनी परस्पर कशाला?"

कालपासून मी याच विचारात आहे. तुम्ही गाव एक ठेवलंत ते खरं. पण चीर पडेल म्हणून आपण गावाला कधी विचारलंच नाही, तात्या. बावन साली तुम्हाला विचारलं तर तुम्ही नवं धोतर नेसून गेलात. आपल्या गावातल्या किती जणांना कुणी काही विचारलंय? आणि चीर पडली तर ती बुजवायची कशी, हे गावाला ठाऊक नसेल, पण शाळेला आता ठाऊक आहे. पाणी सांडलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी दोघं एकाच पिंपाशी बसली होती.

दिवाळी झाली की निम्मी शाळा आईबापांमागं ऊसतोडीला जाईल. सुंदरबाई गाईसाठी मागे राहील, पण केशर बापाबरोबर जाईल, तिनं आजच सांगितलं. नळ कुणाकडे द्यायचा त्यासाठी पुन्हा मतदान घ्या म्हणाली, आणि पेला मात्र बद्रीकडंच ठेवा. ती पोरं जाताना गावात शेवटचं काय बघून जाणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आहे. मोठं मन त्यांनी बघितलं. एखाद्या मोठ्या माणसाला मत मागताना, रांगेत उभं राहताना, आणि वेळ आली तर हरून त्याच गावात चहा पिताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. हरल्यावर हात कुठे ठेवायचे हे तुमच्या घरात कुणाला ठाऊक नाही, असं तुम्हीच लिहिलं होतं. बद्रीनाथला सापडलं म्हणून तुम्ही सगळ्या परळीला सांगत सुटलात. आता ते पोर तुमच्याकडे बघतंय.

तुम्ही हरालच असं नाही. आठांतून सात निवडायचे आहेत, आणि गाव तुम्हाला विसरलेलं नाही. पण कुणी तरी एक हरणार, आणि तो तुम्हीही असू शकाल, हे मी लपवत नाही.

म्हणून हे मागते. तुम्ही नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. मी तुमचं एकमेव मागणं मोडलं, तेव्हा मागायला मला तोंडही उरलेलं नाही. शिवाय सही केलेला कागद परत घेणं तुमच्या स्वभावात नाही, आणि गावानं एवढं कौतुक केल्यावर तर मुळीच नाही. तरी तुमचा मुलगा वीस तारखेला निघायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून आजच फाट्यावर जाऊन टाकते आहे.

तो कागद देऊ नका, तात्या. अर्ज राहू द्या. सव्वीसला सकाळच्या एसटीनं काठी टेकत या, बद्रीनाथला फाट्यावर उभा ठेवते. नवं धोतर नेसून या.

आपली
दानम्मा